पडून राहिला तरी दगा न देणारा चेनसॉ: घरासाठी आणि कॅम्पिंगसाठी कसा निवडावा

चेनसॉबद्दलचे बहुतेक सल्ले रोज लाकूड कापणाऱ्यांकडून आलेले असतात. ते चुकीचे नसतात, पण त्यांचं मशीन रोज चालतं आणि तुमचं चालणार नाही. वाऱ्याने मोडलेली फांदी, थोडं सरपण, अधूनमधून कॅम्प, एवढंच त्याचं काम. उरलेलं वर्ष ते अडगळीत बसून असणार. म्हणून ताकद किती, सीसी किती हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा: चार-सहा महिने कुणी हात लावला नाही, तर उचलल्यावर ते चालू होईल का? घरगुती चेनसॉची पारख मी याच प्रश्नावर करतो.

१. आधी लाकूड मोजा

मोजपट्टी घ्या आणि खरोखर जे कापायचं आहे त्या लाकडाची जाडी मोजा. अंदाजाने सांगितलेली जाडी जवळपास नेहमीच जास्त निघते, आणि त्या अंदाजावर घेतलेला चेनसॉ गरजेपेक्षा जड निघतो.

मनगटाएवढ्या फांद्यांसाठी चेनसॉ लागतच नाही. मोठ्या दातांची घडीची हातकरवत ते काम करते, सॅकमध्ये मावते आणि तिला ना पेट्रोल लागतं ना चार्जिंग. तुमचं सगळं कॅम्पिंग एवढ्याच लाकडावर भागत असेल, तर हा लेख इथेच सोडून एक चांगली हातकरवत घ्या. साधारण १० ते २५ सेंटिमीटर जाडीच्या लाकडाला १२ किंवा १४ इंची बारचा चेनसॉ पुरतो (बार म्हणजे साखळी जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी). ३० सेंटिमीटरच्या पुढचे ओंडके नेहमी येत असतील तर १६ इंची बघा. ढोबळ नियम असा की बार लाकडाच्या जाडीपेक्षा निदान ५ सेंटिमीटर लांब असावा. दोन्ही बाजूंनी कापून छोट्या बारने जाड ओंडका तोडता येतो, पण त्यात बारचं टोक लाकडाच्या आत जातं आणि ते नवख्याचं काम नाही.

उभं झाड पाडणं हा वेगळा विषय आहे. जमिनीवर पडलेलं लाकूड कापता आलं म्हणजे झाड पाडता येतं असं नाही. ते जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकावं. शिवाय अंगणातल्या झाडालाही परवानगी लागू शकते, ती आधी विचारून घ्यावी.

२. पेट्रोल, बॅटरी की वायर?

वायरचं आधी उरकू. वायरवर चालणारा इलेक्ट्रिक चेनसॉ हलका असतो, कधीही चालू होतो, पण त्याला प्लग लागतो. लांब आणि बारीक एक्स्टेंशन वायर लावली की व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. ओल्या गवतात तो वापरायचा नाही. कॅम्पला तर त्याचा उपयोगच नाही. घराच्या मागे एकाच जागी सरपण कापणाऱ्याला मात्र तो छान.

पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉमध्ये टू-स्ट्रोक इंजिन असतं. घरगुती आकारात ते ३० ते ४० सीसीचं असतं. वजनाच्या मानाने ताकद भरपूर, आणि टाकी संपली की मिनिटभरात भरून पुन्हा काम सुरू. दिवसभर, विजेपासून दूर कापायचं असेल तर अजूनही तोच खरा.

पण तो पडून राहिला की कुरकुरायला लागतो. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. प्रमाण मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं: ५०:१ असेल तर लिटरला २० मिली ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टनला वंगण मिळत नाही आणि सिलिंडर थोड्याच वेळात ओरखडून निकामी होतो. तयार केलेलं मिश्रण महिनाभराच्या पुढे ठेवू नये. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात आणि मागे उरलेला चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. ‘मागच्या वर्षी मस्त चालत होता, आता दोरी ओढून हात दुखला’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. मशीनला नावं ठेवली जातात, खरा दोष टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा असतो. सीलबंद डब्यात मिळणारं तयार अल्किलेट इंधन (इथेनॉल नसलेलं, जास्त शुद्ध पेट्रोल) वर्षानुवर्षं टिकतं. महाग असतं, पण वर्षाला दोन-तीन लिटरच लागणार असेल तर पेट्रोलवाल्यांनी याचा विचार जरूर करावा.

बॅटरीवर चालणाऱ्यात ही भानगडच नाही. बॅटरी बसवली, बटण दाबलं, चालू. कापणं थांबवलं की आवाजही थांबतो. पेट्रोल चेनसॉचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या वर जातो, हे शेजारी आणि कॅम्पवरची मंडळी तुम्हाला सांगतीलच. मर्यादा अर्थात आहे: एका चार्जवर ठरावीकच काम होतं आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. बॅटऱ्यांची तुलना व्होल्टवर करू नका, वॅट-अवरवर करा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर एवढं सोपं गणित आहे. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १४४ वॅट-अवर. डब्यावर ‘४० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेली बॅटरी बहुधा हीच ३६ व्होल्टची असते, आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणजे १८. नव्याने भरलेल्या बॅटरीचा वरचा आकडा छापलेला असतो, इतकंच. एक मोठी घेण्यापेक्षा मध्यम दोन घ्या, एक चालते तेव्हा दुसरी चार्ज होते. घरात ड्रिल किंवा गवत कापायचं मशीन आधीच असेल तर त्याच बॅटरीवर चालणारा चेनसॉ आहे का, ते सगळ्यात आधी बघा.

माझं मत विचाराल तर या लेखाच्या वाचकांपैकी बहुतेकांना ३६ व्होल्टच्या आसपासचा, १२ किंवा १४ इंची बारचा बॅटरी चेनसॉच पुरेल. सलग तास-तास कापणार असाल आणि इंधनाची शिस्त पाळणार असाल तरच पेट्रोलकडे जा.

३. डब्यावरचे आकडे कसे वाचायचे

वजन: छापलेलं वजन बहुतेकदा बार, साखळी, इंधन आणि बॅटरीशिवायचं असतं. सगळं जोडून, टाकी भरून मशीन हातात घ्या आणि बार आडवा धरून मिनिटभर उभे राहा. दमलेल्या हातात चेनसॉ धोकादायक होतो, म्हणून अर्धा किलोसुद्धा महत्त्वाचा.

‘फक्त मशीन’: बॅटरीचा चेनसॉ स्वस्त दिसला की आत बॅटरी आणि चार्जर आहे का ते विचारा. बऱ्याचदा नसतात.

सीसी: नुसती सीसी मोठ्या अक्षरात छापलेली आणि किलोवॅटमधली ताकद कुठेच नाही, असं दिसलं तर सावध व्हा. छोट्या इंजिनावर मोठ्या सीसीचं लेबल लावलेली मशीन बाजारात असतात.

वरच्या मुठीचा चेनसॉ: आटोपशीर आणि हलका, म्हणून कॅम्पसाठी अगदी योग्य वाटतो. तो घेऊ नका. झाडावर दोराने चढून काम करणाऱ्या प्रशिक्षित लोकांसाठी तो बनवलेला आहे. दोन्ही मुठी जवळजवळ असल्याने किकबॅक (बार अचानक उसळून तुमच्याकडे येणं) आला तर तो आवरायला हातांना आधार मिळत नाही, आणि एका हाताने चालवायचा मोह होतो. तुम्हाला मागे मूठ असलेला साधा चेनसॉ हवा. चार-सहा इंची, एका हाताने धरायची छोटी बॅटरी करवत बारीक फांद्यांना चालते, पण मोकळा हात कापण्याच्या जागेपासून लांब ठेवायचा.

४. साखळी: खरं काम तीच करते

दुकानात सगळे इंजिनाबद्दल बोलतात, लाकूड मात्र साखळी कापते. धार गेलेल्या साखळीचा महागडा चेनसॉ धारदार साखळीच्या स्वस्त चेनसॉपुढे हरतो.

आजच्या साखळीची रचना एका अळीवरून आली आहे. १९४६च्या सुमारास अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या ओंडक्यात बीळ पाडणारी भुंग्याची अळी बघत होता. ती लाकूड सरळ खरवडत नाही, जबड्याने डावीकडे-उजवीकडे कुरतडत पुढे जाते, हे त्याच्या लक्षात आलं. त्यावरून त्याने एक दाता डावा, एक उजवा अशी साखळी बनवली. तुमच्या साखळीवर आजही तेच आहे, आणि म्हणूनच एका बाजूचे दाते जास्त घासले गेले की काप वाकडा जायला लागतो.

साखळी विकत घेताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधलं अंतर. घरगुती मशीनवर बहुधा ३/८ इंच लो प्रोफाइल पिच असतो, थोड्या मोठ्यावर ०.३२५ इंच. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या पात्याची जाडी, साधारण १.१ किंवा १.३ मिलिमीटर. ड्राइव्ह लिंक म्हणजे तीच खाचेत फिरणारी पाती, ती मोजायची. हे तिन्ही आकडे बारच्या मागच्या टोकाला बहुतेक वेळा कोरलेले असतात. मशीन घेतल्या दिवशीच त्यांचा फोटो काढून ठेवा. ‘१४ इंची साखळी द्या’ एवढ्यावर मिळालेली साखळी बसेलच याची खात्री नसते.

दात्यांचे मुख्य प्रकार दोन. फुल चिझेलचा कोपरा टोकदार असतो. तो स्वच्छ लाकडात झरझर कापतो, पण मातीला लागला की लगेच बोथट होतो. सेमी चिझेलचा कोपरा गोलसर असतो, थोडा सावकाश कापतो आणि धार टिकवतो. जमिनीवर पडलेलं, धूळ-माती लागलेलं लाकूड तुम्ही कापणार, म्हणून सेमी चिझेल घ्या, तीही कमी किकबॅकची.

धार गेली हे भुशावरून कळतं. चांगली साखळी जाडसर छिलके टाकते, बोथट साखळी पिठासारखा भुसा. मशीन दाबावं लागतंय, धूर येतोय, असं झालं की थांबा. धार लावायला गोल कानस लागते: ३/८ लो प्रोफाइलला ४ मिलिमीटरची, ०.३२५ला ४.८ची. कानशीसोबत कोन दाखवणारं गाइड मिळतं, ते घ्याच. प्रत्येक दात्याला सारखेच हात, आतून बाहेर, एकाच दिशेने.

५. मशीनवर हे नसेल तर घेऊ नका

बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग चालू असताना कशालाही टेकला की साखळी तिथे अडते आणि सगळा जोर बारला वर, तुमच्या तोंडाकडे फेकतो. हाच किकबॅक. इतक्या झटकन होतो की हात सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून चेन ब्रेक हवाच: पुढच्या मुठीपुढची ढाल मनगटाने पुढे ढकलली की साखळी थांबते. चांगल्या मशीनवर तो नुसत्या झटक्यानेही लागतो, हात लागण्याची वाट बघत नाही. विक्रेत्याकडून दोन्ही समजून घ्या. ब्रेक चालतो का ते तिथेच चालवून बघा.

याशिवाय थ्रॉटल लॉक हवा, म्हणजे मूठ नीट पकडल्याशिवाय ट्रिगर दबत नाही. साखळी तुटली तर ती अडवणारा खालचा खुंट हवा. साखळीला आपोआप तेल जाणारी सोय, आणि पेट्रोल असेल तर मुठींना हादरे न पोचवणारे स्प्रिंग किंवा रबर.

६. कंपनी बघा, पण सुटे भाग आधी बघा

स्टिल, हस्कवर्ना, एको, मकिता ही नावं तुम्ही ऐकली असतील. सगळेच चांगले चेनसॉ बनवतात. त्यांच्यातल्या त्यांच्यात वाद घालण्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा विक्रेत्याला विचारा: या मॉडेलची साखळी, बार, स्प्रॉकेट (साखळी फिरवणारं दातेरी चाक), एअर फिल्टर, स्पार्क प्लग, इंधनाची नळी तुमच्याकडे आत्ता आहे का? दुरुस्ती इथेच होते की मशीन कुठे पाठवता? ‘मागवून देऊ’ हे उत्तर प्रत्येक भागाला मिळालं तर नाव कितीही मोठं असो, तो चेनसॉ तुमच्यासाठी भरवशाचा नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या नकलाही सर्रास विकल्या जातात. अनुक्रमांक नाही, मॅन्युअल नाही, दर विश्वास बसणार नाही इतका कमी, अशी खरेदी टाळा.

जुना पेट्रोल चेनसॉ घेत असाल तर तो बंद ठेवून दोरीच्या मुठीला धरून उचला आणि हळूहळू खाली येऊ द्या. टप्प्याटप्प्याने, अडखळत उतरला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बरं आहे. सरकन खाली आला तर सोडून द्या. मग तो थंड असताना चालू करायला सांगा. तुम्ही येण्याआधीच गरम करून ठेवला असेल तर त्याचा अर्थ तुम्हीच लावा.

७. सोबत घ्यायच्या वस्तू

मशीनच्या खर्चातच हे धरा, नंतर घेऊ म्हटलं की राहून जातं.

- कानाचं संरक्षण आणि जाळी असलेलं हेल्मेट, त्याखाली सुरक्षा चष्मा
- चेनसॉ पँट, निदान क्लास १ (साखळीच्या २० मीटर प्रतिसेकंद वेगाला तपासलेली). साखळी कापडाला लागली की आतले लांब धागे बाहेर ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि साखळी थांबते. बहुतेक पँटमध्ये हे धागे पुढच्या बाजूलाच असतात, हे विसरू नका
- पुढून टणक बूट, चांगली पकड देणारे हातमोजे
- दुसरी साखळी, गोल कानस आणि गाइड, बारच्या नटचा पाना
- बार ऑइल. गाडीचं काढून टाकलेलं काळं ऑइल नको, त्यात धातूचा कीस असतो आणि ते सगळं जमिनीवर उडतं
- प्लास्टिकची पाचर, बार अडकला तर काप उघडायला
- रक्तस्राव थांबवणाऱ्या दाबपट्टीसह प्रथमोपचार पेटी
- मॅन्युअल, वाचलेलं

८. पहिल्या दिवशी

साखळी उलटी बसवणं फार सामान्य आहे. बारच्या वरच्या बाजूला दात्यांची धार टोकाकडे तोंड करून असली पाहिजे. ताण असा ठेवा की साखळी बारच्या खालच्या कडेला चिकटून राहील, पण हातमोजा घातलेल्या हाताने ओढली तर सहज फिरेल. साखळीला हात लावण्याआधी बॅटरी काढून ठेवा. पेट्रोल असेल तर इंजिन बंद. नवी साखळी सुरुवातीला ताणली जाते, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात वारंवार तपासा. काम संपल्यावर ती सैल करा, थंड होताना आकसते.

तेल पोचतंय का हे बघायला टोक फिकट रंगाच्या फळीवर थोडं वर धरून मशीन चालवा. फळीवर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

पेट्रोल चेनसॉ जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीत बुटाचं टोक घालून चालू करायचा. हवेत सोडता सोडता दोरी ओढणारे लोक दिसतील, त्यांचं अनुकरण नको. कापताना दोन्ही हात, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळवलेला, आणि शरीर बारच्या रेषेच्या किंचित डावीकडे. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर वरून थोडं कापा आणि बाकीचं खालून. एकच टोक टेकलेलं असेल तर उलट. नाहीतर काप मिटतो आणि बार आत अडकतो.

९. कॅम्पला नेताना

आधी तिथले नियम विचारा. कित्येक संरक्षित जंगलांत चेनसॉ चालत नाही, काही ठिकाणी पडलेलं वाळकं लाकूड उचलायलाही बंदी असते. घरून सरपण नेऊ नका, त्यातून झाडांचे किडे आणि रोग नव्या जंगलात पोचतात.

बारवर आवरण घाला आणि मशीन प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा, कारण बार ऑइल झिरपतं आणि तो जवळजवळ प्रत्येक चेनसॉचा स्वभाव आहे. पेट्रोलचा डबा गाडीत माणसांच्या शेजारी नको. इंधन भरल्यावर निदान ३ मीटर लांब जाऊन चालू करा, आणि तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतावर टेकवू नका. विमानाने जाणार असाल तर १६० वॅट-अवरपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी सामानात नेता येत नाही. १०० ते १६०च्या मधलीला विमान कंपनीची परवानगी लागते.

एकट्याने कापू नका, अंधारात तर नाहीच.

१०. ठेवून देताना

पेट्रोल चेनसॉची टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. अल्किलेट इंधन वापरत असाल तर शेवटची टाकी त्याचीच करून मग हे करा. एअर फिल्टर झटकून घ्या, बाजूचं झाकण उघडून तेलात भिजलेला भुसा काढा, बारची खाच खरवडा आणि पुढच्या वेळी बार उलटा बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. वनस्पतीजन्य बार ऑइल वापरत असाल तर ते टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका, घट्ट होऊन पंप चिकटतो.

बॅटरी मशीनमधून काढून, अर्धी चार्ज करून, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण उतरलेली ठेवली तर लवकर म्हातारी होते. दोन-तीन महिन्यांनी तिच्यावरच्या चार्ज दाखवणाऱ्या दिव्यांवर नजर टाका आणि खाली आली असेल तर पुन्हा अर्ध्यावर आणा. शून्य अंशाखालच्या थंडीत मात्र चार्जिंगला लावू नका. आधी घरात आणून तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्या.